मोहरमचा वाघ

पोते उचलण्याआधी तो पोत्यावर गुरगुरायचा. गोंदियाच्या मालधक्क्यावरचे बाकीचे हमाल देवाचे नाव घेऊन तांदळाच्या पोत्याखाली पाठ घालत, आणि हा गडी दात विचकून "गुर्रर्र" करी. कोणी हसले की म्हणायचा, "हसतं कायले गा? वाघ आहो मी."

खरे तर वाघ तो वर्षातून एकदाच व्हायचा, मोहरमात. लहानपणी त्याला देवी आल्या आणि पोर हातचे जाते असे दिसू लागले, तेव्हा त्याच्या आईने मरीमायला कोंबडे बोललेच, पण कसर नको म्हणून ताजियापुढेही पदर पसरला. पोरगा जगला तर जन्मभर तुझ्यापुढे वाघ होऊन नाचेल, असा नवस केला. तुम्ही आजचे लोक नाक मुरडाल. तेव्हा आमच्याकडे मोहरमचे निम्मे वाघ हिंदूंच्या घरचे असत आणि त्यात कुणाला वावगे वाटत नसे.

मी बैलबंड्यांवर आणि लग्नाच्या पेट्यांवर रंगकाम करणारा. त्याला वाघ मीच करायचो. जवसाच्या तेलात पेवडी कालवून अंगभर पिवळा हात द्यायचा, त्यावर काजळीचे पट्टे ओढायचे. शेपटी शिवून द्यायचा आळीच्या तोंडावरचा म्हातारा मुसलमान शिंपी. त्याला सगळे चाचाच म्हणत. वाघाच्या कमरेला बांधलेल्या दोराचे दुसरे टोकही चाचाच्याच हाती असे. शेपटीवरून त्या दोघांचे भांडण दरवर्षीचे.

"चाचा, औंदा शेपटी आखूड करजो गा. पोट्टे लटकते."

"शेर की दुम है बेटा, बकरी की नहीं," चाचा सुई न थांबवता म्हणायचा.

रिवाज कडक होता. ताजिया तलावात बुडवून थंडा होईपर्यंत वाघाने रंग काढायचा नाही आणि धरणाऱ्याने दोर सोडायचा नाही.

पुढे मशिदीपुढे बाजा वाजवावा की नाही, या भांडणाचे वारे नागपूरकडून आले. गणपतीच्या मिरवणुकीवर दगड पडले, एका ढोलवाल्याचा डोळा गेला. त्याच्या बदल्यात एका मुसलमान पानवाल्याचे दुकान पेटवले, तो आत असतानाच. तो वाचला, त्याचे हात वाचले नाहीत. मग वर्षभर दोन्हीकडे काठ्यांना तेल पाजणे चालू होते.

मोहरम आला. आमच्या आळीतले तरुण त्याच्या दारात येऊन धमकावून गेले, "औंदा वाघ झाला त तंगड्या तोडू." तिकडूनही निरोप आला की हिंदूचा वाघ नको. आणि नेमकी त्याच वेळी त्याच्या एवढ्याशा पोरीच्या अंगावर देवी फुटल्या होत्या. ती डोळे उघडत नव्हती.

"कायले जातं गा मरायले?" मी म्हटले. "एक वर्ष नको होऊ वाघ."

"मायचा शबूद आहे. म्या मोडला त हे पोरगी जाईल," तो म्हणाला आणि सदरा काढून माझ्यापुढे बसला. "रंगव."

मी रंगवला.

बाजारचौकात ताजिया आला आणि दोन्ही अंगांनी दगड सुरू झाले. रंगाखाली माणूस कोण, ते कुणाला दिसत नव्हते. इकडचे "मुसलमान है, मारो" म्हणून त्याच्यावर तुटून पडले आणि तिकडचे "हिंदू है, मारो" म्हणून. पहिली काठी ज्याने घातली, त्याच्या लग्नाची पेटी मी रंगवली होती. ताजिया पेटला. चाचाच्या पोटात कुणी सुरा खुपसला. म्हातारा खाली पडला, पण दोर सोडीना. वाघाने त्याला पोत्यासारखे पाठीवर घेतले आणि काठ्या खात इस्पितळाकडे धावला. दारात उतरवले तेव्हा चाचा संपला होता. त्याची मूठ उघडेना, म्हणून दोर कापावा लागला.

ताजिया जळाला होता, थंडा झाला नव्हता. म्हणून हा रंग काढेना. दुसऱ्या दिवशी गावात जमावबंदी, सगळी दुकाने बंद, आणि फुटल्या डोक्याचा हा पिवळा माणूस चाचाच्या दुकानापुढे बसलेला. कोणी हटकले की म्हणे, "ठंडा होऊ दे, मंग काढतो." ठाणेदाराला वाटले, हा पुन्हा दंगा पेटवणार. शिपायांनी त्याला ओढत नेले, पालथे पाडले आणि घासलेट लावून विटेच्या तुकड्यांनी रंग घासून काढला. रंगासोबत कातडीही निघाली. मला त्या शिपायांचा आजही संताप येतो, आणि आमच्या गावाचा त्याहून जास्त.

सोडल्यावर तो घराकडे पळत सुटला. मी मागोमाग गेलो. पोरगी भिंतीला टेकून पेज पीत होती. बापाला पाहून तिने वाटी खाली ठेवली. त्याला मात्र आनंद कसला, तो धाय मोकलून रडू लागला.

"रंग गेला गा! मायचा शबूद गेला! आता हे नाई राहात माही!"

त्याला धरून खाली बसवताना मला दिसले. उजव्या कानामागे, केसांच्या मुळाशी, चिंचोक्याएवढा पिवळा रंग राहून गेला होता.

"गेला नाई," मी म्हटले. "कानामागं आहे अजून."

"चाचाची आन?"

"चाचाची आन."

त्याने तिथे बोट लावून पाहिले नाही. पुसला जाईल अशी त्याला भीती वाटली असावी. मग पोरीकडे बघून तो हळूच गुरगुरला, आणि ती हसली. त्या घरात त्या आठवड्यात कुणी पहिल्यांदाच हसत होते.

त्याच्या जखमा चिघळल्या, ताप चढला आणि त्या तापातच तो गेला. खांदा द्यायला आळीतले तेच लोक जमले. अंघोळ घालताना एका म्हाताऱ्याने त्याची मान कलती केली.

"कानामागं रंग दिसून राहिला गा," तो मला म्हणाला. "असा कसा नेता? लाव घासलेटचं बोट."

कुणीतरी बाटली माझ्या हातात दिली. पोरगी दारात उभी होती. तोंडभर खपल्या होत्या, पण स्वतःच्या पायांवर उभी होती.

"ताजिया ठंडा झाला नाई अजून," मी म्हणालो, आणि बाटलीला बूच लावले.