नावेचं पद

आम्ही पाच-सहा जण महिन्यातल्या एका रविवारी बारामतीत आमच्या घरी जमतो आणि दुपारभर एकाच नाटकाबद्दल बोलतो. बाहेरच्या माणसाला हे वेड वाटेल, आणि त्याचं फारसं चुकणार नाही. हे नाटक आमच्यापैकी कुणीही रंगमंदिरात पाहिलेलं नाही. साखर कारखान्याच्या कॉलनीत, ऐन गाळपाच्या दिवसांत, कामगारांनी आणि त्यांच्या घरच्यांनी बसवलेलं ते संगीत नाटक. तीन हंगाम झालं. मग माणसं पांगली, पडदे कुणाच्या तरी गोठ्यात गेले आणि ते बंद पडलं. त्याला तीस वर्षं होत आली.

गोष्ट साधी होती. नदीकाठचं गाव आणि नावाड्याची मुलगी. पहिल्या अंकात तिचं लग्न ठरतं. दुसऱ्या अंकात पूर येतो, निम्मं गाव पलीकडच्या तीरावर अडकतं, आणि बापाची नाव परतत नाही म्हणून ती घाटावर उभी राहून त्याला हाक मारते. तेच नावेचं पद. तिसऱ्या अंकात सगळे परत येतात, बाप सोडून. तिसरा अंक लांबला होता असं माझं मत तेव्हाही होतं आणि आजही आहे. पण त्या पदाबद्दल दुमत नाही.

ते पद म्हणणारी मुलगी कॉलनीतल्या एका कारकुनाची. मी तेव्हा कारखान्याच्या प्रयोगशाळेत उसाचा रस तपासत असे. पुढे आमचं लग्न झालं. लग्नानंतरही ती घरात गात असे. कणीक मळताना, कपडे वाळत घालताना, कुणी ऐको न ऐको. दीड वर्षापूर्वी तिच्या गळ्यातल्या गाठीचं ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली. बोलण्याचा आवाज परत आला, पण वरचे स्वर आले नाहीत. डॉक्टर म्हणाले, सराव करा, जेवढं येईल तेवढं येईल. तिने सराव केला नाही. गुणगुणणंसुद्धा थांबलं. आम्ही जमायचो तेव्हा ती चहा ठेवायची आणि आतच बसायची. मी एकदा म्हटलं, बाहेर ये. ती म्हणाली, "तुमचं चालू द्या. मला कांदे चिरायचेत." कांदे चिरलेले होते.

गटातले सर्वांत वडीलधारे तात्या. बारामतीजवळच्या पिंपळीचे, कारखान्यात बॉयलरवर होते. दुसरे पेटीवाले. त्या नाटकाच्या तालमींना पेटी त्यांनीच वाजवली होती, पण पहिल्या प्रयोगाआधीच ते नोकरी सोडून गेले, म्हणून त्यांच्या साक्षीला गटात निम्मीच किंमत. तिसऱ्या एक दाताच्या डॉक्टर. त्या तेव्हा कॉलनीत राहणारी परकरातली पोर होत्या, त्यामुळे त्यांच्या साक्षीला काहीच किंमत नाही. एक-दोघे अधूनमधून येतात.

बोलणं ठरलेलं. पुराच्या प्रवेशात दोन फिटर दोन बाजूंनी निळं कापड हलवायचे, त्यातला एक कसा कापडात गुंडाळून पडला. सावकाराचं काम करणारा खरोखरच कर्ज देणाऱ्या सोसायटीचा सचिव होता, म्हणून लोकांनी त्याला मनापासून शिव्या कशा घातल्या. आणि मग वळसा घेऊन गाडी एकाच ठिकाणी यायची: नावेचं पद कोणत्या अंकात होतं?

"पहिल्या," तात्या म्हणायचे.

"दुसऱ्या," मी म्हणायचो. "तात्या, जरा विचार करा. पूर दुसऱ्या अंकात येतो. पूर यायच्या आधी ती पुरात अडकलेल्या बापाला हाक कशी मारेल?"

"ते मला इचारू नका. मी ह्या कानांनी ऐकलंय. पहिला अंक, पडदा पडायच्या आत."

"छापील पुस्तकात दुसऱ्या अंकात आहे."

"पुस्तक काय बॉयलरवर हुतं का?"

डॉक्टरीणबाई एकदा म्हणाल्या, "मला तर दोनदा आठवतं. दोन्ही अंकांत."

"वन्समोर मिळाला असंल," तात्या म्हणाले. "पोरं वन्समोर मोजत्यात व्हय."

मीही हसलो. हिशोब माझ्या बाजूने होता, असं मला वाटत होतं.

यंदा इंदापूरहून बोलावणं आलं. तिथल्या एका मंगल कार्यालयात हौशी मंडळींचा कार्यक्रम होता. कॉलनीतली बरीच कुटुंबं आता इंदापूर तालुक्यात शेती करतात, त्यांना ते नाटक ऐकायचं होतं. सगळं नाटक नव्हे. बसून, संवाद वाचत आणि पदं गात, दीड-दोन तासांत होईल एवढं. बाकीची पदं म्हणायला माणसं मिळाली. नावेच्या पदाला कुणी नव्हतं. म्हणजे एक जण होती, आणि ती आत कांदे चिरत होती.

त्या रविवारी पेटीवाल्यांनी विषय काढला. आवाज मुद्दाम मोठा ठेवून म्हणाले, "वहिनींनी म्हणावं. स्वर खाली घेऊ. तेव्हा काळी चार होती, आता काळी दोन धरू. पट्टी उतरवली म्हणजे पाप होत नाही."

मी काही बोलायच्या आत तात्यांनी मान हलवली. "काळी चारच्या खाली ते पद? अहो, तुमी लॅबवाले ना? रसात पाणी पडलं तर काय म्हणता?"

"गोडी उतरली म्हणतो," मी म्हणालो. सवयीने तोंडातून गेलं.

"झालं तर मग!"

आतली भांड्यांची हालचाल थांबली. तात्यांना ती आत आहे हे लक्षात होतं की नव्हतं, मला सांगता येणार नाही. तात्या मनाने वाईट नाहीत. त्यांना ते पद जसं होतं तसं हवं होतं, एवढंच. पण आता ती कधीच बाहेर येणार नाही, असं मला त्या क्षणी वाटलं, आणि तात्यांपेक्षा मला माझाच राग आला.

कुणी तरी विषय बदलायला म्हणून पुन्हा जुनाच प्रश्न काढला, पहिला अंक की दुसरा. तात्या पुस्तक बाजूला सारत होते, मी पूर पुढे करत होतो. तेवढ्यात ती ट्रे घेऊन बाहेर आली. पहिला कप तात्यांपुढे ठेवला.

"तात्या, तुम्ही कुठल्या पाळीला असायचात?"

"मी? रात्रीच्या. आठला भोंगा झाला की हजर."

"आणि हे?" तिने माझ्याकडे पाहिलं. "ह्यांची पाळी आठला सुटायची. हे मळीच्या वासासकट येऊन खाली बसायचे. यांनी पहिला अंक कधी पाहिलाय का विचारा."

मी पाहिलेला नव्हता. ही गोष्ट मला अर्थातच माहीत होती, फक्त मी ती कधी मांडलीच नव्हती. आणि पद म्हणणारीला आम्ही कधी विचारलंच नव्हतं.

"नाटक सातला सुरू व्हायचं," ती उभ्यानेच सांगू लागली. "आठचा भोंगा झाला की निम्मी माणसं उठून कामावर जायची आणि कामावरची सुटून यायची. जाणारे म्हणायचे, आम्ही काय घोडं मारलंय, ते पद ऐकल्याशिवाय आम्ही जाणार नाही. एकदा बॉयलरवरचे चौघं खरंच उठेनात. मग दिग्दर्शकांनी ठरवलं, भोंग्याच्या आधी एकदा म्हणायचं, जाणाऱ्यांसाठी. पुराचं नाव काढायचं नाही, बाप मासे धरायला गेलाय म्हणायचं. आणि दुसऱ्या अंकात त्याच्या जागी परत, आलेल्यांसाठी. दोनदाच व्हायचं. ह्या बरोबर सांगत होत्या."

डॉक्टरीणबाईंनी बिस्किट बशीत ठेवलं आणि आमच्याकडे एकेक करून पाहिलं.  

"मासे धरायला!" तात्या म्हणाले. "व्हय की. मासंच हुतं." मग कप बशीत फिरवत, "म्हंजी मी पूर कधी बघितलाच न्हाय."

"तुमच्यासाठी तर म्हणायचे मी पहिलं," ती म्हणाली. "आता पाणी पडलंय रसात. चालणार असेल तर म्हणते. पण दोनदा म्हणणार. एकदाच असेल तर नाही."

पेटीवाल्यांनी का म्हणून विचारलं. ती म्हणाली, "पहिल्यांदा माझा आवाज नेहमी धरायचा. दुसऱ्यांदा सुटायचा. ते कुणाला कळायचं नाही, कारण समोर बसून दोन्ही ऐकणारं कुणी मोठं माणूस नसायचं."

तात्या कपात बघत होते. "म्हना," एवढंच म्हणाले.

मधल्या दिवसांत ती दुपारी दार लावून सराव करायची. मी ऐकत नाही असं दाखवत असे. खालचे स्वर बरे लागायचे, वरच्या एका जागी आवाज चिरायचा आणि मग बराच वेळ शांतता. मी दारावर टकटक केली नाही. माझ्यासारख्या माणसाला हे अवघड जातं, कारण दर वेळी कितपत जमलं ते विचारावंसं वाटतं.

इंदापूरला कार्यक्रम दुपारी चारला ठेवला होता. कार्यालय भरलं. शेळगावहून एक टेम्पो भरून बायका आल्या होत्या. संयोजक पेटीवाल्यांच्या कानाला लागून म्हणाले, "पाचला निम्मं कार्यालय उठंल बगा. धारंची वेळ. म्हसरं काय नाटक बघून थांबत न्हाईत. डेअरीला दूध घालून येतील परत."

पेटीवाल्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती हसली. मला वाटतं, ऑपरेशननंतर तशी ती पहिल्यांदाच हसली.

पहिल्या अंकाच्या शेवटी तिने पद घेतलं. बाप मासे धरायला गेला होता. काळी दोन. सुरुवात छान झाली. वरच्या जागी आवाज चिरला, सरळ चिरला, लपला नाही. पेटीने ती जागा भरून काढली आणि तिने पद कसंबसं संपवलं. टाळ्या पडल्या, पण त्या टाळ्यांत दया होती आणि ती तिला ऐकू आली. तिचं तोंड मला दिसत होतं. मी पाण्याची बाटली घेऊन उठलो, तर तिने मानेनेच बसायला सांगितलं.

माणसं उठली. एक म्हातारी जाताना तिच्यासमोर थांबून म्हणाली, "बाई, आमास्नी ऐकवून सोडलंस, बरं केलंस. न्हाय तर आमचं नेहमी निम्मंच ऱ्हातंय." आणि लगबगीने गेली.

मध्यंतर मुद्दाम लांबवलं होतं; दुसरा अंक सुरू होईपर्यंत दाराशी रिकाम्या किटल्या वाजू लागल्या. माणसं परत येत होती, काही जणांच्या सदऱ्यावर दुधाचे शिंतोडे होते. तात्या पहिल्या रांगेत बसले होते. मी म्हटलं, "तात्या, पाय मोकळे करायचे तर करा." ते म्हणाले, "गप बसा. पूर येतोय."

पूर आला. कापड नव्हतं, फिटर नव्हते, नुसते वाचलेले संवाद. मग तिने पद धरलं. वरच्या जागेपाशी आली तेव्हा मी पुन्हा पाण्याच्या बाटलीला हात घातला. तिने ती जागा घेतलीच नाही. वर जाण्याऐवजी ती खालच्याच स्वरावर थांबली, लांबवला, आणि तिथूनच हाक मारली. तीस वर्षांपूर्वीची मुलगी बापाला पलीकडच्या तीरावरून बोलवत असे. ही बाई नदीकडे बघून त्याच्याशी बोलत होती. बाप परत येणार नाही हे तिला ठाऊक आहे, हे तिसऱ्या अंकाची वाट न पाहता कळलं. आता मला वाटतं, तिसरा अंक लांबला होता हे खरं, पण का ते आता कळलं: तो जे सांगतो ते या पदातच सांगून होतं.

टाळ्या जरा उशिराने आल्या. तात्यांनी वाजवल्या नाहीत. ते पुढे वाकून बसले होते. नंतर ते तिच्याजवळ गेले आणि म्हणाले, "पूर आल्यावर असं लागतंय व्हय हे. तीस वरसं मी निसतं मासंच धरत बसलो." ती म्हणाली, "आणि गोडी, तात्या?" तात्या म्हणाले, "काकवी झालीया, बाई. आटवून आटवून."

परतताना गाडी मी चालवत होतो. इंदापूर सुटल्यावर बराच वेळ ती खिडकीबाहेर उसाकडे पाहत होती. मला विचारायचं होतं आणि मी विचारलं नाही, ही त्या दिवसातली माझी एकमेव कमाई. मग तीच म्हणाली, "काळी दोन जरा खालीच पडली. पांढरी तीन जमेल मला."

अर्ध्या स्वराचा फरक. मी मान डोलावली. पिंपळीपर्यंत ती तोंडातल्या तोंडात त्या अर्ध्या स्वरावर जाऊन बघत होती.