गायिका मधोमध बसेना

गाणारी बाई बरोबर मधोमध बसायला हवी होती. समोर दोन स्पीकर, त्यांच्यापुढे आपली खुर्ची, असा त्रिकोण नीट जमला की दोन्ही खोकी नाहीशी झाल्यासारखी वाटतात आणि त्यांच्या मधल्या रिकाम्या भिंतीपाशी कुणीतरी बसून गातंय असा भास होतो. त्या भासासाठीच आमच्या शौकातली सगळी यातायात असते. ज्यांना तो कळत नाही ते म्हणतात, अहो, मोबाइलवरही गाणं लागतंच की. लागतं ना. भूक वडापावनेही भागते.

माझ्या खोलीत त्या दुपारी बाई बसल्या होत्या थेट उजवीकडे, बाल्कनीच्या काचेच्या दाराला टेकून.

मी पंचवीसेक वर्षांनी पुन्हा हा संसार मांडला होता. पूर्वी शनिवार पेठेतल्या दोन खोल्यांत सासू-सासरे, मुलं आणि माझे कमरेएवढे स्पीकर, एवढे सगळे मावेनात. तेव्हा ज्यांना तक्रार करता येत नव्हती ते घराबाहेर गेले. पुढे बँकेतली नोकरी, बदल्या, मुलांच्या परीक्षा. निवृत्तीनंतर पुण्याच्या कडेला, मांजरी गावात, हा फ्लॅट घेतला, मुलं आपापल्या गावी गेली आणि एक खोली मोकळी झाली. बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून सुटे स्पीकर आणले, सुताराच्या उरावर बसून खोकी करून घेतली, आणि व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या तशा तापणाऱ्या काचेच्या नळ्यांचा, अॅम्प्लिफायर स्वतः सोल्डरिंग करून जोडला. आमचे हे गणिताचे निवृत्त प्राध्यापक. सुरांशी ह्यांचा संबंध राष्ट्रगीतापुरता. व्हॉल्व्ह तापलेले बघून म्हणाले, "शेगडी छान झालीय. आता यावर चहाही होईल का?"

शेगडी खरंच छान झाली होती, म्हणूनच मी घाबरले. आवाज फाटत नव्हता, खरखर नव्हती. बाई फक्त मधोमध बसत नव्हत्या.

घाबरण्याचं कारण माझी आई होती. तिचा आधी एक कान गेला, माझ्याच वयाची असताना, आणि मग दुसरा. मुंजीला, बारशाला ती हौसेने जायची. सगळे हसले की तीही हसायची, फक्त जरा उशिरा. तो उशीर मी कधी विसरले नाही. तिच्याशी बोलायचं तर ओरडावं लागे, आणि ओरडलेलं तिला आवडत नसे. मग घर तिच्याशी कामापुरतंच बोलायला लागलं. जेवतेस का, औषध घेतलंस का, दिवा मालवू का. शेवटची सात-आठ वर्षं ती आमच्यात राहून एकटी होती. हे बहिरेपण घराण्यात उतरतं, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा मी हसण्यावारी नेलं होतं.

तर दोष शोधायचा. आमच्यात नियम आहे: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. डाव्या स्पीकरची वायर उजव्याला लावली, उजव्याची डाव्याला. दोष अॅम्प्लिफायरचा असता तर बाई उठून डावीकडे गेल्या असत्या. त्या हलल्या नाहीत. मग दोन्ही खोक्यांचीच अदलाबदल केली. ह्यांना हाक मारली तर कंबर धरतील, म्हणून एकटीनेच सतरंजीवर ठेवून ओढली. तरी बाई उजवीकडेच. रेकॉर्ड प्लेअरच्या तारा उलट केल्या. नाही. आता उरलं काय, ते मला कळत होतं. ते मनातल्या मनातही न उच्चारता मी काचेच्या दाराला दोषी ठरवलं. काचेवर आवाज आपटतो, हे शास्त्रच आहे. दारावर आईच्या हातची जाड गोधडी टांगली.

"कुणाचं सुतक आहे?" ह्यांनी विचारलं.

"आवाज मऊ करतेय."

"मग मीही जरा हळू बोलतो."

गोधडीनेही काही झालं नाही. बॅलन्सचं बटण असतं तर एका बाजूचा आवाज वाढवून बाईंना मध्ये आणता आलं असतं. पण पक्के शौकीन त्या बटणाला पाप समजतात आणि मी तर दीडशहाणी, मुद्दाम ते बसवलंच नव्हतं. म्हणून मी डावा स्पीकर पुढे ओढला, उजवा मागे सारला, पुन्हा ऐकलं, पुन्हा ओढला. असं करत करत एका सकाळी बाई भिंतीच्या मधोमध येऊन बसल्या. मी हुश्श केलं. खोली वाकडीतिकडी दिसत होती, एक स्पीकर जवळजवळ माझ्या मांडीवर, दुसरा कोपऱ्यात. पण ऐकायला सुंदर होतं, आणि जे सुंदर ऐकू येतंय त्यात माझा कान कशाला दोषी असेल, असं मी स्वतःला बजावलं. मी खूश असायला हवी होते. पण रेकॉर्डची दुसरी बाजू लावली नाही.

त्याच आठवड्यात भाजी घेऊन परत येत होते. आमच्याकडे उसाचे ट्रॅक्टर जातात, गाणी कर्कश लावलेली असतात. मला ट्रॅक्टर ऐकू आला, तो उजवीकडून. मी उजवीकडे पाहिलं, रस्ता मोकळा होता, म्हणून पाऊल टाकलं. ट्रॅक्टर डावीकडून आला होता. ब्रेक किंचाळले, माझ्या तोंडावर धूळ उडाली, ट्रॉलीतले दोन ऊस रस्त्यावर पडले. ड्रायव्हर खाली वाकून ओरडला, "ओ मावशी! ऐकाया येत न्हाई व्हय?"

हे तो दिवसातून चार जणांना म्हणत असेल. मी मात्र तिथेच दुकानाच्या पायरीवर बसले. ट्रॅक्टरखाली गेले असते याची भीती होतीच, पण त्याहून मोठी होती ती त्या प्रश्नाची, कारण त्याचं खरं उत्तर फक्त मला माहीत होतं.

घरी आले आणि ह्यांना म्हटलं, "अहो, जरा या. या खुर्चीत बसा."

"मला गाण्यातलं काय कळतं?"

"म्हणूनच. डोळे मिटा आणि बाई कुठे बसल्यात तिकडे बोट करा."

सुई टेकवली. मला बाई ऐन मध्ये दिसत होत्या. ह्यांनी जरा ऐकलं आणि बोट उचललं, थेट डाव्या स्पीकरकडे. जराही न चाचरता, फळ्यावरचं गणित दाखवावं तसं.

"नीट ऐका," मी म्हणाले.

"नीटच ऐकतोय. त्या खोक्यातच बसलीय ती. बाकीची खोली रिकामी आहे." मग डोळे उघडून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "का गं? तुला कुठे ऐकू येतेय?"

मी सांगितलं नाही. स्पीकर पुन्हा जागच्या जागी नेले, समान अंतरावर. या वेळी ह्यांनी न सांगता एक बाजू धरली. मग मी खुर्ची फिरवली आणि स्पीकरकडे पाठ करून बसले. ही चाचणी मला पहिल्या दुपारीच सुचली होती. जे खोकं आतापर्यंत डावीकडे होतं ते आता माझ्या उजवीकडे आलं. दोष वायरीत, खोक्यात, भिंतीत, कशातही असता तर बाई आता माझ्या डाव्या हाताला जायला हव्या होत्या.

त्या उजवीकडेच बसल्या.

"कळलं," मी म्हणाले. रडू आलं. ह्यांनी सुई उचलली. आयुष्यात पहिल्यांदाच उचलली असेल, रेकॉर्डवर ओरखडा पडला. एरवी इतक्या वेळात तीन टोमणे झाले असते. ह्यांचं ते गप्प बसणं बघून मी आणखीच घाबरले.

दुसऱ्या दिवशी आम्ही मंडईजवळच्या कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कानात बत्ती घालून पाहिलं आणि तपासणीला पाठवलं. कपाटाएवढी खोली, भिंतींना छिद्रांचे जाड तक्ते, एक छोटी काच. काचेपलीकडे तपासणारी मुलगी. इतकी शांत खोली मी जन्मभर स्वप्नात पाहिली होती, आणि आता तिथून पळून जावंसं वाटत होतं. मुलीने हेडफोन चढवले, हातात बटण दिलं. "आवाज आला की दाबायचं, काकू. कितीही बारीक असू दे. आधी उजवा, मग डावा."

उजव्या कानात शिट्ट्या येत राहिल्या, मोठ्या, लहान, मुंगीएवढ्या. मी प्रत्येक टिपली. एकही सोडायची नाही, अशा ईर्ष्येने बटण दाबत होते. मग तिने काचेतून खूण केली, आता डावा. दोन-तीन जाडसर, घुमणारे आवाज आले. दाबलं. लगेच जमलं म्हणून जरा धीर आला. पुढे काहीच नाही. मी वाट पाहिली. ती मान खाली घालून यंत्रावर काहीतरी करत होती. नवशिकी असेल, अडकलं असेल. अंगठा बटणावर दुखायला लागला. शेवटी मी हेडफोन बाजूला सारून काचेवर टकटक केलं. तिने दार उघडलं.

"अहो, तुमचं यंत्र बंद पडलंय बहुतेक," मी म्हणाले. "मघापासून काहीच येत नाहीये."

तिने वळून यंत्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिच्यामागे बाकावर हे बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून.

"चालू आहे, काकू," ती अगदी सावकाश म्हणाली. "मी मघापासून वाजवतेच आहे."