दार लावून घेतलं ती जबलपूरची होळी

एकाहत्तरच्या युद्धानंतरची पहिली होळी. नागपूरहून मी जबलपूरला निघालो तो रंग खेळायला नव्हे, ताईला कायमचं घरी आणायला. भावजी थंडीत तापाने गेले होते. त्यांच्या जागी दारूगोळ्याच्या कारखान्यात तिला नोकरी मिळत होती. पण परमुलखात एकटीने राहायचं कशाला, असं सगळ्यांनी ठरवलं होतं. सगळ्यांनी म्हणजे, तिला सोडून.

तेव्हा गोंदियाला गाडी बदलून छोट्या लाइनने जावं लागे. डबा इतका हलायचा की दशमीचा घास नाकाला लागे. (आता रूळ रुंद झालेत, तुम्ही सुखाने जाल.) बड्या फुहाऱ्याच्या चौकात काळीभोर खोव्याची जिलबी घेतली. तेवढी चुकवू नका. मग रिक्षाने ताईचं क्वार्टर गाठलं.

युद्ध संपलं तरी कारखान्याचा भोंगा तिन्ही पाळ्यांना वाजत होता. धुळवडीच्या सकाळी रात्रपाळी सुटली आणि भावजींच्या खात्यातले सात-आठ जण दारात उभे, हातात गुलालाची ताटली! माझं डोकंच फिरलं. "शरम नाही वाटत?" म्हणत मी धाडकन दार लावलं.

शेजारच्या कुसुमकाकू मागच्या दाराने धावत आल्या. जन्म जबलपुरातलाच त्यांचा.

"काहून असं केलंस रे? घरातलं कोणी गेलं की पहिल्या होळीला इकडे आधी तिथंच गुलाल घेऊन येतात. त्याआधी कोणी आपल्या घरी रंग खेळत नाही. क्वार्टरांची अख्खी लाइन वाट पाहून राहिली ना, भैया!"

मी दार उघडलं. सगळे पायरीवर बसले होते, कामाच्या कपड्यांतच. मला मान वर करवेना.

"कोई बात नहीं, भैया," म्हणत त्यांच्यातल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी ताटली ताईपुढे धरली. मग तिनेच चिमूट उचलून त्यांच्या कपाळाला लावली. काकूंनी तिला गुलाल लावला. तेव्हा कुठे बाहेर पोरांचा गलका उठला आणि ताई, भावजी गेल्यापासून पहिल्यांदा, मोकळी रडली.

"मी नाही येत रे," ती संध्याकाळी म्हणाली. "नोकरी धरते."

परतीच्या गाडीत माझ्याशेजारी ताई नव्हती, तिने दिलेला गुझियांचा, म्हणजे तिकडच्या करंज्यांचा, डबा होता. दारातच आईने विचारलं, "ताई कुठे?"

"घरी," मी म्हणालो.

भेडाघाट बघायचा त्या खेपेला राहिलाच. पण त्या माणसांचे उपकार फिटायचे नाहीत. आजही आमच्या गल्लीत वर्षभरात कुणाच्या घरातलं कोणी गेलेलं असेल, तर होळीला मी आधी तिथे गुलाल घेऊन जातो. एकदोनदा दार तोंडावर लागलंय. मी पायरीवर बसून राहतो.