खुडुक कोंबडीखालची अंडी

काळी कोंबडी खुडुक झाली तेव्हा मी तिला पडवीत पाटीत बसवली. खाली भाताचा पेंढा, त्यावर निवडलेली अंडी. कोंबडा घरचाच, त्यामुळे अंड्यांत पिल्लं भरतील याची खात्री होती. प्रत्येक अंड्यावर कोळशाने रेघ ओढली, म्हणजे दुसऱ्या कोंबडीने तिथे घातलं तर कळावं. सगळ्या घराला सांगितलं, या पाटीला हात लावायचा नाही.

आमच्या वाडीत मागच्या बाजूला धाकट्या दिराने पर्यटकांसाठी दोन खोल्या बांधल्यात. काशीदच्या समुद्रकिनाऱ्यावर आलेले लोक तिथे गर्दी झाली की आमच्याकडे येतात. त्यांना सगळं गावठी लागतं.

पिल्लं निघायची वेळ आली होती. अंडं कानाशी धरलं की आतून बारीक चिवचिव यायची. त्या सकाळी मी मासळी आणायला गेले. परतले तर कोंबडी पिसं फुलवून अंगणात ओरडत फिरत होती. पाटीत तीनच अंडी.

स्वयंपाकघरात जाऊ, धाकट्या दिराची बायको, ओट्याला पाठ लावून उभी होती.

"आम्लेटला फोडलं, तर आत..." तिने मोरीकडे मान वळवली.

मोरीत बघितलं. पिसं आलेलं पिल्लू होतं. चोच, पाय, सगळं.

"बाकीची कुठायत?"

तिने फ्रीजकडे बोट केलं. दारातल्या खाचांत अंडी ओळीने लावलेली. गार पडलेली. कोळशाच्या रेघा धुऊन काढलेल्या. म्हणजे रेघा दिसल्या होत्या! त्या कशाच्या आहेत हे ठाऊक असूनच पुसल्या होत्या.

दीर बाहेर आला. हाताला फडकं गुंडाळलेलं, अंडी काढताना कोंबड्याने पायाच्या आरीने ओरबाडलं होतं.

"पाव्हण्यांना गावठीच अंडी पायजे होती, वयनी. एवढं काय त्यात? बाजारातून आणून देतो की."

"आणा. आणि तुम्हीच बसा त्यांच्यावर."

"आन् त्या कोंबड्याला मी आज कापनार हाय. हात बघा माझा."

"कोंबड्याला हात लावा, मग बघा."

मी पदरात अंडी घेतली आणि थेट पाहुण्यांच्या टेबलाशी गेले. त्यांचा दोष नव्हता, पण त्यांना ठाऊक असायला हवं होतं. म्हटलं, "तुमच्या नाश्त्यासाठी ही उबवणाऱ्या कोंबडीखालून काढलीत. आत जिवंत पिल्लं होती." एका बाईने ताटली दूर सारली. दीर मागून "वयनी, वयनी" करत होता.

अंडी मी पुन्हा पाटीत ठेवली. तीही लगेच बसली, पंख पसरून. तिच्या विश्वासाचाच मला राग आला.

तीन पिल्लं निघाली, जी पाटीत राहिली होती तीच. गार पडलेल्यांतलं एकही निघालं नाही. मी ती आंब्याच्या मुळाशी पुरली.

आठवड्याने बघते तर दीर नव्या पाहुण्यांच्या मुलांना पिल्लं दाखवत होता. "आमच्याकडे सगळं नॅचरल असतं," असं हसत सांगत होता. मी पिल्लांवरची डालगी उचलली, पिल्लं ओटीत घेतली, कोंबडीला काखेत मारलं आणि मुलांदेखत माझ्या दाराला आतून कडी घातली. जाऊ म्हणते, "जाऊ द्या आता, घरातलाच माणूस आहे." घरातला आहे म्हणूनच तर मनातून जात नाही.