दोन गुंठे घाणेरी

शनिवार, २२ एप्रिल २०२३, अक्षय्य तृतीया. रक्कम एक्कावन्न हजार रुपये, पांढऱ्या पाकिटात. पाकिटाखाली हिरवी काठापदराची साडी. ठिकाण आमचं साताऱ्याचं घर. हजर माणसं चार: माझा थोरला भाऊ, वहिनी, माझे यजमान आणि मी.

पितरांना नैवेद्य दाखवून जेवणं झाली होती. आमरसाच्या वाट्या अजून उचलायच्या होत्या, तेवढ्यात दादानं पाकिटाशेजारी एक स्टॅम्पपेपर ठेवला. हक्कसोडपत्र. आई-वडिलांच्या मागे राहिलेल्या घरात आणि जागेत माझा जो वाटा आहे तो मी राजीखुशीनं भावाला सोडते, असं लिहून द्यायचं. आमच्याकडे बहिणी असं लिहून देतात. दोन्ही आत्यांनी दिलं, आईनं तिच्या भावांना दिलं, चुलत बहिणींनी तर लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी दिलं. बदल्यात साडीचोळी मिळते आणि माहेर शाबूत राहतं.

"वाच आन् सही कर," दादा म्हणाला. तो सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालाय. साधं बोलला तरी हुकूम वाटतो.

मी कुपवाडच्या एका कारखान्यात हिशेबाचं काम बघते. न वाचता सही करत नाही. दोनदा वाचलं. जागा एकूण पाच गुंठे. पुढच्या तीन गुंठ्यांत घर आणि अंगण, मागच्या दोन गुंठ्यांत परसबाग. बाग म्हणायची जुन्या सवयीनं. आईचे गुडघे गेल्यापासून तिथं कोणी फिरकलं नव्हतं आणि पुरुषभर उंचीची घाणेरी माजली होती. मागच्या दारातून बघितलं तर पलीकडची भिंतसुद्धा दिसत नव्हती.

"मी सही करत नाही," मी म्हणाले.

"का? कमी पडत्यात व्हय?"

"पैसे नकोतच. मला मागचे दोन गुंठे हवेत, माझ्या नावावर. पुढचं सगळं तुला ठेव, त्याची सही आत्ता देते."

दादा मोठ्यानं हसला. "त्या रानाचं काय करणार गं तू? साप पाळणार?"

"बाग करणार."

"बाग! ग्यालरीत एक तुळस जगंना तुजी, आन् बाग!"

तुळशीचं खरं होतं. तीन मेल्या होत्या. वहिनी हळूच म्हणाल्या, "वन्सं, आवं लोक काय म्हणत्याल? भावाच्या दारात वाटा मागितला म्हणत्याल."

"म्हणू देत."

यजमानांचा प्रश्न परतीच्या वाटेवर आला. सांगलीच्या एसटीत कराड मागे पडल्यावर म्हणाले, "अर्धा हक्क असताना दोनच गुंठे का मागितलेस?" मी म्हटलं, "कारण दोनच हवेत." त्यावर ते झोपले.

मला ती जागा का हवी होती, हे नंतर पुष्कळांनी विचारलं. आईची आठवण म्हणून, असं सांगितलं असतं तर सगळ्यांना बरं वाटलं असतं. तसं नव्हतं. आईची आठवण यायला मला जमीन लागत नाही. सांगलीचा फ्लॅट यजमानांच्या नावावर आहे, सासरचं उसाचं रान दिरांच्या नावावर. माझ्या नावावर एक स्कूटर आहे आणि रेशनकार्डावरची दुसरी ओळ. बावन्न वर्षांच्या बाईला स्वतःच्या नावावर दोन गुंठे असावेत, एवढंच माझं म्हणणं होतं आणि अजून आहे.

निघताना दादानं उंबऱ्यातून ऐकवलं होतं, "दिवाळीपर्यंत बघतो. काय उजेड पाडलास तर बोलू. न्हाईतर जेसीबी लावतो आन् पेव्हर ब्लॉक टाकतो. मजला चढवला की भाडेकरूंच्या गाड्या लागतील."

मग मी रविवार धरले. पहाटेची एसटी, नऊपर्यंत सातारा, बाजूच्या बोळातून थेट मागे. घरात जायचं नाही, चहाची वाट बघायची नाही, हे पहिल्याच दिवशी ठरवलं. सोबत डबा, कोयता, यजमानांचे जुने बूट आणि त्यांचीच पूर्ण बाह्यांची शर्टं. मागची जागा तेहेतीस फूट रुंद आणि सहासष्ट फूट लांब. सुतळी ताणून तिचे अकरा-अकरा फुटांचे अठरा चौकोन केले, निदान जिथपर्यंत घाणेरीतून सुतळी जाईल तिथपर्यंत तरी. एका वेळी एकच चौकोन. सगळं रान एकदम बघितलं की हात गळायचे. एका चौकोनाशी भांडता येत होतं.

पहिला चौकोन दोन रविवारांत कोयत्यानं साफ केला. मला फार अभिमान वाटला. वळवाचे दोन पाऊस झाले आणि प्रत्येक खुंटातून चार-चार फुटवे आले, आधीपेक्षा हिरवे. घाणेरी वरून कापायची नसते, पहार घालून मुळासकट काढायची असते, हे मला तेव्हा कळलं. पुन्हा पहिल्यापासून. यावेळी खाली जुनं सामान निघालं: विटांचं एक आळं, वाळलेल्या फांद्यांत एक जिवंत डाळिंब, भिंतीकडेला मोगऱ्याचं खोड आणि कढीपत्त्याची पिलं. त्यांना धक्का न लावता उरलेलं काढायला वेळ दुप्पट लागला.

मग मी माती खाल्ली, तीही उसाच्या घरातली म्हणून. साखर कारखान्यात उसाचा रस गाळून जो काळा चोथा उरतो, त्याला प्रेसमड म्हणतात. आमच्याकडे सगळे तो ट्रॉलीनं आणून रानात पसरतात. सासर ऊसवालं, वडिलांनी रान विकेपर्यंत माहेरही ऊसवालं, मला कुणाला विचारायची काय गरज? चुलत दिरांना सांगून जूनमध्ये अर्धी ट्रॉली मागवली, बोळाच्या तोंडाशी टाकून घेतली आणि दिवसभर घमेल्यानं वाहून डाळिंबाच्या, मोगऱ्याच्या बुडाशी गुडघाभर रचली. ढिगात हात घातला तर आत कोमट लागलं. मला वाटलं, उन्हानं. रानात तो पसरून नांगरतात आणि लागण करायच्या आधी निवू देतात, हे मी जन्मभर बघत आले होते. बघितलं होतं, लक्ष दिलं नव्हतं.

पुढच्या रविवारी डाळिंबाची पानं पिवळी होऊन गळाली होती. मोगऱ्याचं खोड शिजल्यासारखं मऊ झालं होतं. पाऊस पडल्यावर वास सुटला आणि माशा आल्या. भिंतीपलीकडे एक मुस्लिम कुटुंब राहतं, त्यांचं शिवणकामाचं दुकान आहे. त्या घरातल्या खाला भिंतीवरून डोकावल्या. "ताई, काय पुरलंय म्हणायचं हितं? आमच्या सालनात माशा पडाय लागल्यात. गिऱ्हाईक कापड नाकाला लावूनच मापं देतंय!"

मी हात जोडून माफी मागितली. त्यांच्या मागोमाग दादा आला, नाकाला रुमाल आणि हातात तोच कागद.

"शेतकऱ्याची लेक म्हणं! आगं, परड्यात असं कोण वततं का? आता तरी कर सही. कशाला हसं करून घेतीस?"

मी घामानं आणि त्या चोथ्यानं काळी झाले होते. मला रडू येत होतं, पण त्याच्यासमोर नाही. "चूक झाली," मी म्हणाले. "निस्तरते. सहीचा आणि चुकीचा काय संबंध?"

"आसं का!"

"आसं."

मी तो सगळा चोथा त्याच घमेल्यानं पुन्हा उचलला आणि घाणेरीच्या मधोमध, भिंतीपासून लांब, ढीग लावून वर माती लिंपली. तीन रविवार त्यातच गेले. मोगरा मेला. डाळिंबाला श्रावणात एक लालसर फुटवा आला, तो बघून मी बूट काढून तिथंच बसले आणि डबा खाल्ला. खालांना माशा गेल्याचं सांगायला गेले तर म्हणाल्या, "माशा गेल्या, पन तुमी न्हाई गेला. लय चिवट हाय तुमी."

दिवाळीपर्यंत चार चौकोन झाले. अठरातले चार. मला त्याची लाज वाटत नव्हती. नोकरी करणारी, कधी बाग न केलेली बाई, एक दिवस आठवड्याचा, मधे पावसाळा. दोन चौकोनांत सांगलीहून पिशवीतून नेलेली कृष्णाकाठच्या वांग्याची रोपं लावली होती, एकात घेवडा, एक नुसता भुसभुशीत करून ठेवला होता. पाणी मागच्या दाराबाहेरच्या दादाच्या बोअरचं; मोटार किती वेळ चालवली ते मी वहीत टिपायचे.

त्या वर्षी मला भाऊबीजेचं बोलावणं आलं नाही. कारखान्याला सुट्टी होती. यजमान म्हणाले, "बोलावलं नाही तर कशाला जातेस?" मी म्हटलं, "भावाकडे जात नाहीये. वांग्यांकडे जातेय."

बोळात शिरले तर जेसीबी उभा. दादाला वाटलं होतं, सणाच्या दिवशी मी येणार नाही. मला बघूनही तो ड्रायव्हरला म्हणाला, "घाल रं आत."

मी मशीनच्या बाजूनं अंग चोरत पुढे गेले, पहिल्या चौकोनाच्या कडेला बसले आणि खुरपं काढून वांग्यांतलं तण काढायला लागले. भांडले नाही. तण खरंच झालं होतं.

"ऊठ तिथनं!"

"एवढी ओळ होऊ दे."

ड्रायव्हरनं इंजिन बारीक केलं. "सायेब, काय करायचं? तासाचं मीटर चालू हाय, सणाचा रेट हाय."

"चालू असू दे," मी मान वर न करता म्हणाले. "बोलावलं त्यानं भरायचं."

खाला भिंतीवर आल्या होत्या, त्यांच्या मागे अजून दोघी. दादा बहिणीला हाताला धरून उठवेल की काय, हे सगळे बघत होते आणि तोही ते जाणून होता. शेवटी मागचं दार उघडलं आणि वहिनी बाहेर आल्या. मला 'लोक काय म्हणत्याल' म्हणणाऱ्या वहिनी.

"आवं, भाऊबीजेच्या दिवशी भनीवर जेसीबी घालताय?" त्या म्हणाल्या. "आरती राहिली, मशीन आणलंया. लोक त्वांडात श्यान घालत्याल आपल्या!"

मशीन गेलं. दादानं भाडं दिलं, मला ऐकू जाईल अशा आवाजात रक्कम मोजून. मला ओवाळायला कुणी बोलावलं नाही, मीही गेले नाही. ओळ पूर्ण केली, मग दुसरी धरली.

त्यानंतर दीड वर्ष आम्ही बोललो नाही. मी रविवारी येत राहिले. ढिगातला चोथा निवून काळी, भुगाभुगा माती झाली, ती घमेल्यानं एकेका चौकोनात गेली. वांगी एवढी झाली की ऑफिसातले डबे भरले. कारल्याला रोग पडला, पपई वाऱ्यानं आडवी झाली, एक चौकोन पुन्हा घाणेरीनं घेतला आणि मी परत मिळवला. अजून अकराच झालेत.

मग एके संध्याकाळी दादा सांगलीला आमच्या दारात उभा राहिला. त्याला घरावर मजला चढवायचा होता आणि बँक म्हणाली, बहिणीचा हक्क कागदावर मिटल्याशिवाय कर्ज नाही. चहा पिऊन झाल्यावर तो म्हणाला, "तुजंच बोलणं हाय ना अजून? दोन गुंठं?"

"तेच आहे. वाढवलेलं नाही."

"वाढीवशील वाटलं हुतं."

"मला माहीत आहे तुला काय वाटलं होतं."

सरकारी मोजणी झाली, दगड रोवले, वाटणीपत्राची नोंदणी झाली. मागच्या दोन गुंठ्यांवर माझं नाव आलं, माझं एकटीचं. पुढच्या तीन गुंठ्यांवर मी सही दिली. मोजणीची फी मी भरली, स्टॅम्पचा खर्च त्यानं. नोंदणीच्या कचेरीबाहेर तो थांबला आणि म्हणाला, "एक राहिलं. इतकं दिवस पाणी माझ्या बोअरचं वापरलंस. लाइट बिल मी भरतोय."

साक्षीदार म्हणून आलेल्या वहिनी चमकल्या. "आवं, भनीकडनं पाण्याचं पैसं घेताय?"

"घेऊ देत, वहिनी," मी म्हणाले. त्याचं बरोबर होतं. आणि फुकटचं पाणी मला नकोच होतं. दिलेल्या पाण्यासाठी उद्या पुन्हा कुणीतरी कागद पुढे केला असता. मोटार दर रविवारी किती वेळ चालवली ते मला ठाऊक होतं. तिथंच फुटपाथवर हिशेब केला आणि दादाच्या हातात दोन हजार शंभर रुपये दिले. त्यानं बोटाला थुंकी लावून ते मोजले, बरोबर निघाले, आणि खिशात घातले.