भाटव्यांची आत्याबाई

आमच्या भाटव्यांच्या लेखी जगात दोनच जाती : आजारी मशीन आणि निरोगी मशीन. माणसं त्यांना मधूनमधूनच दिसत. भाटवे म्हणजे माझ्या ताईचे यजमान, आणि हिंगण्याच्या ज्या कारखान्यात मी स्टोअर सांभाळतो, तिथले मेंटेनन्सचे मुख्य. खिशाला पेन नसे, स्क्रूड्रायव्हर असे. त्याचं टोक मशीनला अन् मूठ कानाला लावून ते डोळे मिटत आणि आतलं दुखणं सांगत. ही सवय कारखान्यापुरती राहती, तर ताईनं नारळ फोडला असता. पण मनीषनगरच्या घरी फ्रिज, मिक्सर, पाहुण्यांच्या गाड्या, कोणालाच सुटका नव्हती. माझ्या लग्नात तर वरात दारात आणि हे मांडवामागे जनरेटरला कान लावून! "बेअरिंग गेलं न याचं. मंगलाष्टकापर्यंत काही टिकत नाही हे." सगळे हसले. ऐन शेवटच्या मंगलाष्टकाला मांडवात काळोख झाला आणि मी हार बायकोच्या मामाच्या गळ्यात घातला. त्या दिवशी मांडवात सगळ्यात खूश कोण असेल, तर भाटवे.

त्यांचा खरा जीव मात्र कारखान्यातल्या एका जुनाट कॉम्प्रेसरवर. त्याचं नाव त्यांनी आत्याबाई ठेवलं होतं. दिवसभर धापा टाकायची, कुरकुरायची, पण अख्ख्या कारखान्याला हवा तीच पुरवायची. शनिवारी लोक मारुतीला तेल वाहतात. भाटवे आत्याबाईला, तेही स्वतःच्या हातानं.

अशात वरून फर्मान आलं, की देखभालीसाठी सॉफ्टवेअर घ्यायचं. कुठल्या मशीनला कधी तेलपाणी, कधी दुरुस्ती, सगळं कॉम्प्युटर सांगणार. निवडायचं काम भाटव्यांकडे. मॅनेजरसाहेबांनी एकच तंबी दिली : "ज्याची नोंद सॉफ्टवेअरमध्ये नाही, ते भंगारात." आता आली का पंचाईत! आत्याबाईच्या अंगावरची पाटी केव्हाच झिजून गेलेली. ना नंबर, ना साल.

भाटव्यांनी तयारीत कसर ठेवली नाही. नोंदीसाठी होत्या तेवढ्या मशीनना पत्र्याचे बिल्ले लावले. उत्साहाच्या भरात कँटीनचा कूलर आणि चहाची किटलीही सुटली नाही. चौकीदार तर त्यांना पाहून आडोशाला जाऊ लागला. एक बिल्ला तेवढा कोरा, भाटव्यांच्या खिशात.

मग कंपन्यांची माणसं लॅपटॉप घेऊन येऊ लागली. भाटवे आधी त्यांना तर्री-पोहे चारत. पाहुण्याच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं, की हळूच म्हणत, "आता आमच्या आत्याबाईचं नाव चढवून दाखवा." पाहुणा नाक पुसत बटणं दाबायचा, आणि पडद्यावर लाल अक्षरं यायची : नंबर भरा, साल भरा. भाटवे भडकायचे. "जन्मदाखला नाही म्हणून म्हातारीले घराबाहेर काढून राहिले का तुम्ही?" पाहुणा पोहे टाकून उठायचा. साहेबांचाही धीर सुटत चालला. महिनाअखेर काही ठरलं नाही, तर ते स्वतःच निवडणार होते. त्या आठवड्यात भाटवे कधी नव्हे ते डबा न उघडताच घरी नेत. ताईचा जीव कासावीस झाला.

शेवटी यवतमाळकडची एक पोरगी आली. तर्री तिनं वरून मागून घेतली. लॅपटॉप उघडलाच नाही. "पहिले मले आत्याबाई तं दाखवा, काका." भाटव्यांचा स्क्रूड्रायव्हर घेऊन तिनं कान लावला, बराच वेळ ऐकलं, आणि मग म्हणाली, "नंबर-साल भरायची सक्ती ठेवायची का नाही, हे आपल्याच हाती असते न. काढून टाकू." लॅपटॉप उघडून दोन बटणं दाबली आणि आत्याबाईचं नाव चढलं! भाटव्यांनी खिशातला बिल्ला काढून तिच्या हातात दिला आणि बाहेर जाऊन नाक शिंकरत राहिले. तर्रीचा ठसका लागला म्हणाले. त्यांनी पोहे खाल्लेच नव्हते.

आता भाटवे रिटायर झालेत. पण कॉम्प्युटरमध्ये त्यांचा फोननंबर अजून आहे. शनिवार उजाडला, की मनीषनगरात त्यांचा मोबाइल वाजतो : आत्याबाई, तेल. लगेच मला फोन. "पाजलं का गा तेल?" पाजलं म्हटलं, की, "तिच्याजवळ ने न गा फोन." मी नेतो. आत्याबाई धापा टाकत असते, भाटवे तिकडे कान लावून. मग "बरी आहे" म्हणतात आणि फोन ठेवतात.

परवा साहेब म्हणाले, भाटव्यांचा नंबर काढून टाक. मी हो म्हटलं. काढणार मात्र नाही, बाप्पा. ती बरी आहे, हे मलाही दिसतं. पण भाटव्यांनी म्हटल्याशिवाय मला खरं वाटत नाही.