किशोरीताईंनी बांधलेली मोरी

किशोरीताईंना कुणी 'डिझायनर' म्हटलं की त्यांचं डोकं फिरतं. "डिझायनर साड्यांना असतात. मी घर लावते," म्हणतात. पनवेलला एसटी स्टँडजवळ एका झेरॉक्सवाल्याच्या डोक्यावर त्यांचं ऑफिस. ऑफिस म्हणजे एक टेबल, सनमायकाचे नमुने आणि भिंतीवर वडिलांच्या होडीचा फोटो. वडील काळूराम, उरणकडच्या कोळीवाड्यातले, जन्मभर दर्यावर गेलेले. लेकीने मात्र आयटीआयला ड्राफ्ट्समनचा कोर्स केला आणि एका बिल्डरकडे नकाशे काढायला लागली. "या किचनमध्ये बाई उभी राहणार आहे की नुसता फ्रिज?" असं बिल्डरला तोंडावर विचारून एक दिवस बाहेर पडली ती कायमचीच. तेव्हापासून बाई कुणाच्या हाताखाली राहिल्या नाहीत.

मी निशा. पनवेललाच एका हॉस्पिटलात नर्स आहे. पेशंटचे नातेवाईक मला टरकून असतात, म्हणजे बघा. आम्ही दोघी समोरासमोर आलो तेव्हा काय झालं असेल ते तुम्हीच समजा.

दोन हजार बाराची गोष्ट. माझा नवरा शैलेश द्रोणागिरीला कंटेनर यार्डात कामाला. आम्ही पनवेलजवळ विचुंब्याला नवीन फ्लॅट घेतला होता, नुकतीच किल्ली हातात आली होती, आणि मला दिवस गेले होते. माझी आई मी शाळेत असतानाच गेली. त्यामुळे एकच गोष्ट मनात होती: बाळ सासूबाईंच्या हातात द्यायचं, आणि त्यांनी आमच्याकडे राहायलाच यायचं. सासूबाई म्हणजे ठमाबाई. उरणच्या मासळीबाजारात म्हावरं विकतात. अख्ख्या बाजारात त्यांचा आवाज वेगळा कळतो. पण त्या फ्लॅट बघायला आल्या, उभ्याउभ्या चहा प्यायल्या, म्हणाल्या, "ब्येस हाय," आणि पुढच्या गाडीने परत गेल्या. राहायचं नाव काढलं की म्हणायच्या, "मी काय करू थितं?"

म्हणून मी किशोरीताईंकडे गेले आणि सरळ सांगितलं, "ताई, मला फार फॅन्सी काही नको. असं घर लावा की माझ्या सासूबाई परत जाणार नाहीत."

"एवढंच ना?" त्या म्हणाल्या. "कोळणीला काय लागतं ते कोळणीच्या पोरीला नको सांगू. सोड माझ्यावर."

त्यांची कामाची एक रीत आहे. रिकाम्या घरात खडू घेऊन शिरतात आणि फरशीवर सगळं सामान खऱ्या मापाने काढतात. पलंग, कपाट, फ्रिज, दाराची उघडझाप, सगळं. मग म्हणतात, "आता राहा." आम्ही दोघं सबंध रविवार त्या खडूच्या घरात राहिलो. शैलेश खडूच्या सोफ्यावर बसून डबा खात होता. मी पलंगावरून चालत गेले तर केवढ्याने ओरडल्या, "अगं पाय मोडेल! फिरून जा!"

आणि मग त्यांनी माझ्या किचनच्या कोपऱ्यात एक मोठा चौकोन काढला.

"हे काय?"

"मोरी. खाली बसून म्हावरं साफ करायला. तुझ्या सासूबाई जन्मभर खाली बसून कापत आल्यात, त्या काय तुझ्या सिंकसमोर उभ्या राहणारेत? फ्लॅटमध्ये म्हाताऱ्या माणसांचा जीव रमत नाही तो याचसाठी. खाली पाणी टाकायला जागा नसते."

"आणि माझा ओव्हन?"

"ओव्हन पाहिजे का सासू पाहिजे?"

कप्पाळ माझं! मी धुसफुसत खडूचा ओव्हन पायाने पुसून टाकला. बिल्डरने बसवलेला नवाकोरा ओटा अर्धा फोडला. उतार, नळ, जाळी, बसायला दगडी पाट. मिस्त्री काशीराम वैतागला, म्हणाला, लोक मोऱ्या बुजवायला बोलावतात आणि या बाई बांधायला लावतात. ताई मोरीसमोर कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "हातच्या काकणाला आरसा कशाला? घरभरणीला बघालच."

त्यांच्या या ठसक्यावर माझा विश्वास बसला, खोटं कशाला बोलू? बाकी घर तर देखणंच झालं होतं. आमच्या खोलीत मला हवं तसं ड्रेसिंग टेबल, पायापासून डोक्यापर्यंत दिसेल एवढा आरसा. सासूबाईंच्या खोलीत बेताच्या उंचीचा पलंग, देवांसाठी फळी, पूर्वेची खिडकी.

घरभरणीला कोळीवाड्यातून टेम्पो भरून माणसं आली. सासूबाई हिरवं लुगडं नेसून, अंबाड्यावर अबोलीची वेणी माळून आल्या होत्या. घर फिरताना आमच्या खोलीत जरा रेंगाळल्या. आरशासमोर उभ्या राहून पदर सारखा करत होत्या. मला वाटलं, लुगडं सुटलं असेल.

जेवणं झाली आणि ताईंनी त्यांचा हात धरून किचनमध्ये नेलं. आम्ही सगळे मागे. "मावशी, बघा!"

सासूबाईंनी मोरी बघितली. पाट बघितला, नळ सोडून बघितला, बंद केला.

"ही कोनासाठी?"

"तुमच्यासाठी, मावशी! दुसऱ्या कुणासाठी?"

"म्हंजे मी हितं येऊन पन म्हावरंच कापू?"

सासूबाईंचा आवाज चढला नव्हता, तेच वाईट होतं.

"पोरगी होते तवापासून कापते मी. बोटं बघ माजी. पोराचं घर झालं, मला वाटलं, आता सुटले. तर तुमी माज्यासाठी पाट घालून ठेवलाय." त्या पदर खोचून वळल्या. "शैलेश, मला टेम्पोत बसव. जाते मी."

म्हटलं, संपलं, आता ही बाई या घरात पाऊल टाकत नाही. मी ताईंवर उखडणारच होते, शब्दसुद्धा जुळवले होते. पण ताई लालबुंद झालेल्या चेहऱ्याने तिथल्या तिथे, भर पाहुण्यांत, सासूबाईंच्या पायाशी फरशीवर बसल्या. आणि त्यांची पनवेलची शुद्ध भाषा एकदम कोळीवाड्यात जाऊन पोचली.

"मावशी, चुकलं माजं. सगल्यांना इचारलं, तुमालाच इचारायचं ऱ्हायलं. आता बोला. तुमाला काय पायजे?"

सासूबाईंनी इकडेतिकडे बघितलं. माणसं होती ना! मग ताईंच्या कानाशी वाकल्या, पण त्यांचा आवाज बाजारातला, कानात बोलल्या तरी सगळ्यांना ऐकू गेलं.

"सूनबायच्या खोलीत हाय तसा आरसा."

"आरसा?" शैलेश म्हणाला. "आये, तुला आरसा कशाला या वयात?"

"तू गप रे!" आम्ही दोघी एकदमच ओरडलो, मी आणि ताई. आयुष्यात पहिल्यांदा आमचं एकमत झालं.

"अंधारात उठून बाजार गाठायचा," सासूबाई सांगत होत्या. "घरात आरसा केवडा, तर तलहाताएवडा, तो पन ह्याच्या बापाच्या दाढीचा. जल्मभर मी वेनी अंदाजानं माळली. गिऱ्हाईकं सांगायची, ठमाबाय, वेनी कलली. मी माजी मला कवा धड बघितलीच नाय." एवढं बोलून त्या टेम्पोत बसून गेल्या. थांबल्या नाहीत.

मी रडायला लागले. दिवसच तसे होते माझे, आणि राग पण होता. "येतील त्या," ताई म्हणाल्या. "तुम्ही मोरीच्या वेळीही असंच म्हणाला होतात," मी म्हटलं. "तेव्हा मला वाटत होतं. आता मला माहीत आहे," म्हणाल्या आणि टेप काढून सासूबाईंच्या खोलीत शिरल्या. चूक झाली म्हणून बाईंचा तोरा तसूभर कमी झाला असेल तर शपथ!

पुढच्या आठवड्यात त्या स्कूटर घेऊन थेट उरणच्या बाजारात धडकल्या, सासूबाईंचं माप घ्यायला. बसल्यावर डोळे किती उंचीवर येतात, हात अंबाड्याकडे नेताना कोपर किती बाहेर जातं, सगळं टेपने मोजलं, भर बाजारात, पापलेट-बोंबलांच्या पाट्यांमध्ये. शेजारी बसणारी भीमाबाई ओरडली, "काय गो, ठमीच्या तिरडीचं माप घेतेस का काय?" ताई म्हणाल्या, "नाय गो मावशी, रानीच्या खुर्चीचं." सगळा बाजार हसला. सासूबाई मात्र ताठ बसून माप देत होत्या, असं शैलेशने नंतर सांगितलं.

काशीरामने खोलीतली कपाटाची भिंत रिकामी केली. आरसा खिडकीच्या समोर नाही, बाजूला लावला, म्हणजे उजेड चेहऱ्यावर पडतो. पुढे गुबगुबीत गादीचं स्टूल, खाली दागिन्यांसाठी कुलपाचा खण. आणि पाठीमागच्या भिंतीवर दुसरा छोटा आरसा, अंबाडा मागून दिसावा म्हणून. तो माझ्याही खोलीत नाही. मी हे बोलून दाखवलं तर ताई म्हणाल्या, "तुझे केस तेवढे आहेत का?"

मला सातवा लागला तेव्हा सासूबाई आल्या. हातात एक बोचकं आणि पानात बांधलेली वेणी. पाणीसुद्धा न पिता खोलीत गेल्या आणि स्टुलावर बसल्या. मी, शैलेश आणि मुद्दाम वेळ साधून आलेल्या किशोरीताई, तिघं दारात उभे. त्या नुसत्या बघत होत्या. आधी चेहरा, मग कानातलं, मग मान वळवून मागचा आरसा. हसल्या नाहीत की रडल्या नाहीत.

शैलेशला असली शांतता सोसत नाही. त्याने बोचकं उचललं. "आये, हलकं कसं ग? कोयता नाय आनलास?"

"भीमाबायला दिला."

"दिला? मग उद्या बाजारात कशानं कापशील?"

"कोन जातंय बाजारात?" सासूबाई आरशात बघत म्हणाल्या. "सुरमई आनलीय पिशवीत. ती मोरी बांधलीय ना एवडी, बस जा तिथं आन् काप. खवले नीट काढ, मी हितनं सांगते."

शैलेश माझ्याकडे बघायला लागला. मी पोटावर हात ठेवून सरळ किचनकडे बोट दाखवलं. तो गेला बिचारा, दगडी पाटावर जाऊन बसला.

सासूबाईंनी वेणी हातात घेतली, दोन्ही हात मागे नेले आणि अंबाड्यावर माळली. मग जन्माची सवय, दाराकडे वळून विचारलं, "किशोरी, सरळ आली का गो?"

किशोरीताईंनी डोळे पुसले, पण आवाज तोच, ठसक्याचा. "मला नका इचारू, मावशी. समोर बगा."

आणि आई समोर बघत बसल्या.